लिव्हरपूलचा भाव खामगावात कुणाला कळायचा?

बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्स नावाचा पेपर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी दिला असेल. आम्हाला तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला इलेक्टिव्ह होता. बीसीए, बीबीए, एमबीएवाल्यांना तर सुरुवातीलाच असतो. पेपर सोपा, मार्क भरपूर, त्यामुळे वर्गात झोपायला उत्तम. पहिल्या युनिटमध्ये एक ठरलेली आकृती: इनपुट, प्रोसेस, आउटपुट आणि खालून मागे वळणारा फीडबॅकचा बाण. डेटा म्हणजे कच्चा माल, माहिती म्हणजे पक्का माल. आणि मग ती सुप्रसिद्ध व्याख्या: योग्य माहिती, योग्य माणसाला, योग्य वेळी, योग्य स्वरूपात. चार वेळा 'योग्य' लिहिलं की मार्क खिशात.

इतिहास म्हणून फार तर एखादं पान असतं. १९५१ साली इंग्लंडमध्ये लायन्स नावाच्या चहा-केकवाल्या कंपनीने 'लिओ' हा कॉम्प्युटर धंद्याच्या हिशोबाला जुंपला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी या विषयाला विद्यापीठात खुर्ची मिळवून दिली. संपला इतिहास. पुढे सुपरमार्केटचं उदाहरण, बारकोड, आणि बस्स.

मला विचाराल तर या विषयाचा पहिला धडा बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावावर असायला हवा. लिओच्या तब्बल ८० वर्षं आधी तिथे जागतिक दर्जाची एक इन्फर्मेशन सिस्टिम उभी राहिली होती आणि ती चाललीही होती. व्याख्येतला दुसरा 'योग्य' तिच्यात कसा निसटला, ते बघण्यासारखं आहे.

खामगाव म्हटलं की आज लोकांना चांदी आठवते, किंवा शेगावला जाताना लागणारं गाव म्हणून माहीत असतं. पण एकोणिसाव्या शतकात हे नाव थेट लिव्हरपूलच्या दलालांच्या तोंडी होतं. इथला व्यापार साधारण १८२०च्या सुमारास सुरू झाला. काही व्यापाऱ्यांनी येऊन दुकानं टाकली आणि तूप, सूत, कापूस असं जे मिळेल ते विकायला लागले. १८५३ साली निजामाने इंग्रजांच्या फौजेच्या खर्चाची थकबाकी म्हणून वऱ्हाड त्यांच्या ताब्यात दिला. (कर्ज फेडता आलं नाही म्हणून अख्खा प्रांत गहाण! होम लोनचे हप्ते भरणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.) इंग्रजांना वऱ्हाड हवा होता तो तिथल्या काळ्या मातीसाठी, म्हणजेच कापसासाठी. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' असं आपण म्हणतो, ते सोनं म्हणजे हेच.

१८६१ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस बंदरातच अडकला. लँकेशायरच्या गिरण्या उपाशी. लिव्हरपूलचे भाव युद्धाआधीच्या चौपटीच्याही वर गेले. तो पैसा मुंबईत ओतला गेला. बॅकबेच्या शेअर्सचा फुगा, प्रेमचंद रायचंद, १८६५ला युद्ध संपताच सगळं भुईसपाट, ही कथा आपल्याला ठाऊक असते. मुंबईची ती कथा आपण चवीने सांगतो. कापूस पिकवणाऱ्याच्या बाजूने काय झालं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

युद्ध संपलं तरी इंग्रजांचा धडा पक्का झाला: कापसासाठी एकट्या अमेरिकेवर अवलंबून राहायचं नाही. मग वऱ्हाडावर जे बांधकाम सुरू झालं त्याला आजच्या भाषेत इन्फ्रास्ट्रक्चर प्रोजेक्टच म्हणावं लागेल. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी एक खास कॉटन कमिशनर नेमला गेला, हॅरी रिव्हेट-कार्नाक. किती एकरांत पेरा झाला, किती गाठी निघाल्या, रस्ते कुठे खराब आहेत, याचे अहवाल तो वर सरकारला पाठवायचा. थोडक्यात डॅशबोर्ड.

भुसावळहून नागपूरकडे जाणारी जीआयपी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. ती मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी गेली आणि खामगाव बाजूला राहिलं. प्रांतातला सर्वांत मोठा कापूस बाजार मेन लाइनपासून १३ किलोमीटर लांब! मग जलंबहून खामगावपर्यंत खास फाटा टाकला गेला आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनाला कोण आलं असेल? खुद्द व्हाइसरॉय, लॉर्ड मेयो. तेरा किलोमीटरच्या फाट्याला! कापसाला काय भाव होता ते एवढ्यावरून कळावं. (तेव्हा खामगाव अकोला जिल्ह्यात होतं. बुलढाण्यात ते १९०५च्या फेररचनेत आलं. अकोलेकरांनी उगाच वाद घालू नये.)

आता खरी मजा. १८७० हे साल इन्फर्मेशन सिस्टिमच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. त्याच्या आधी विलायतेचं पत्र मुंबईला यायला महिना लागे. १८६५ला इराणच्या आखातातून आणि तुर्कस्तानातून तारेचा मार्ग सुरू झाला खरा, पण वाटेत इतक्या हातांतून तार जायची की ती पोचायला कित्येक दिवस लागत, आणि पोचेपर्यंत शब्दांचा पार चिवडा झालेला असे. आपल्या भाषेत, लेटन्सी जास्त आणि पॅकेट करप्शन भयंकर. १८७०मध्ये मुंबई ते सुएझ समुद्राखालून केबल पडली आणि पुढे इंग्लंडपर्यंत जोडली गेली. ही केबल टाकणारं जहाज होतं 'ग्रेट ईस्टर्न', तेव्हाचं जगातलं सर्वांत मोठं. आता बातमीला काही तास पुरू लागले. सुएझचा कालवा आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १८६९मध्ये, उघडला होता. म्हणजे वर्षभराच्या आत ऑर्डरचा मार्गही छोटा झाला आणि मालाचाही.

रॉयटर्सने मुंबईत ऑफिस उघडलं ते १८६६ साली. आपल्याला रॉयटर्स म्हणजे बातम्या एवढंच माहीत असतं. पण त्यांच्या धंद्याचा मोठा भाग बाजारभाव विकण्याचा होता. लिव्हरपूलला कापूस काय भावाने गेला, याची तार मुंबईच्या पेढ्यांना पैसे मोजून मिळे. सबस्क्रिप्शन मॉडेल म्हणा ना.

तार महागही होती. १८६५च्या सुमारास वीस शब्दांना सुमारे पाच पौंड. मग व्यापाऱ्यांनी आपण करू तेच केलं: कॉम्प्रेशन. प्रत्येक पेढीचं स्वतःचं कोड-पुस्तक असे. एक विचित्र शब्द म्हणजे अख्खं वाक्य, 'अमुक प्रतीच्या इतक्या गाठी अमुक भावाला अमुक महिन्यात जहाजावर'. एका शब्दाच्या पैशात वीस शब्दांचं काम, वर प्रतिस्पर्ध्याने तार वाचली तरी त्याला कळायचं काही नाही. कॉम्प्रेशन आणि एन्क्रिप्शन एकाच पुस्तकात!

पण तारेने कापूस दिसत नाही ना. नमुना हातात न घेता हजारो गाठींचा सौदा करायचा तर दोघांच्या मनात एकच चित्र हवं. म्हणून प्रतवारी आली. वऱ्हाडचा कापूस बाजारात 'ऊमरा' या नावाने ओळखला जाई, म्हणजे अमरावतीचा इंग्रजी अपभ्रंश. त्यात पुन्हा फाइन, फुली गुड, गुड, गुड फेअर अशा पायऱ्या. हा झाला मेटाडेटा. आणि डेटा क्वालिटी? कापसात सरकी, माती, पाणी घालून वजन वाढवण्याचे प्रकार इतके होते की मुंबई सरकारने १८६३ला खास कापूस-भेसळविरोधी कायदाच केला. गार्बेज इन, गार्बेज आउट हे वाक्य कॉम्प्युटरवाल्यांनी शोधलं असेल, अनुभव मात्र गाठी बांधणाऱ्यांचा आहे.

या सिस्टिमवर मोठमोठे यूझर्स आले. स्वित्झर्लंडच्या विंटरटुर गावची फोल्कार्ट ब्रदर्स ही पेढी खामगावात खरेदीला उतरली. (तुमच्या भिंतीवर व्होल्टासचा एसी असेल तर त्यातलं 'व्होल' म्हणजे हेच फोल्कार्ट. १९५४ला त्यांनी टाटांबरोबर कंपनी काढली, फोल्कार्ट अधिक टाटा, म्हणून व्होल्टास.) अशा पेढीचा माणूस खामगावात बसून सकाळी तार वाचायचा आणि दुपारी त्या हिशोबाने बोली लावायचा.

त्या माणसाच्या डोक्यात काय चाललेलं असे ते जरा उलगडून बघू, कारण आकृतीतला 'प्रोसेस'चा चौकोन म्हणजे तेच. लिव्हरपूलचा भाव पेन्समध्ये, एका पौंडाला. मुंबईचा भाव रुपयांत, एका खंडीला. ही कापसाची खंडी म्हणजे ७८४ पौंड. (हे एकक अजून मेलेलं नाही. आजही बिझनेस चॅनलवर रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीला सांगतात. इतकं जुनं लेगसी युनिट प्रॉडक्शनमध्ये मी दुसरं पाहिलेलं नाही.) म्हणजे आधी पौंड-पेन्सचे रुपये करा, मग पौंडाची खंडी करा. त्यातून जहाजभाडं, विमा, मुंबईची दलाली, रेल्वेभाडं, गाठ दाबायचा खर्च वजा करा. जे उरलं तो झाला खामगावात रुईचा भाव. पण शेतकरी रुई विकत नाही, सरकीसकट कापूस विकतो. कापसातून रुई निघते साधारण एक तृतीयांश. मग उताऱ्याचा अंदाज, सरकीची किंमत, ओलावा, कचरा. आणि शेवटी आपला नफा. हे सगळं करून एक आकडा येतो.

गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला यातलं काय दिसायचं? फक्त शेवटचा आकडा. कित्येकदा तोही नाही. कारण त्या काळच्या अनेक बाजारांत भाव तोंडाने बोलत नसत. अडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली हात घालायचे आणि एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवायचे. मालाचा मालक शेजारी उभा, आणि भाव कापडाखाली! सौदा झाला की त्याला सांगायचं, अमुक भावाने गेला. मग वजनात कटती, हमाली, तोलाई, धर्मादाय. समुद्राखालून हजारो मैल आलेली माहिती शेवटच्या हातभर अंतरात एका उपरण्याखाली अडायची.

बरं, समजा त्याला कळलं. समजा कुणी त्याच्या कानात सांगितलं की लिव्हरपूल आज तेजीत आहे. तो काय करणार होता? सारा रोख भरायचा आणि ठरलेल्या तारखेला भरायचा. बियाण्यासाठी सावकाराकडून पैसे आणलेले, आणि सावकाराची अट अशी की माल त्याच्याच हातून जाणार. पुष्कळदा पीक शेतात उभं असतानाच त्याचा भाव ठरून गेलेला. सावकाराच्या वहीत आकडे लिहायचे सावकाराने, शेतकऱ्याने फक्त अंगठा उठवायचा. डेटाबेसवर राइट अ‍ॅक्सेस एकालाच, आणि दुसऱ्याला रीडही नाही.

या सिस्टिममध्ये भावाची बातमी जितकी चटकन मुंबईहून खामगावला येई, तितकीच चटकन मंदीही येई. तेजी मधेच कुठेतरी जिरायची, मंदी मात्र सरळ बांधापर्यंत पोचायची. ज्वारीच्या रानात कापूस आलेला, घरात धान्याचं पेव रिकामं, आणि १८९६-९७ला, पुन्हा १८९९-१९००ला दुष्काळ. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१च्या जनगणनेत सुमारे २९ लाख होती, १९०१ला साडेसत्तावीस लाखांच्या आसपास. वाढायची ती घटली. एवढी रेल्वे आणि एवढी तार असलेल्या प्रांतात. नुसत्या तारेमुळे दुष्काळ पडला असं मी म्हणत नाही, पाऊस पडला नाही हे खरंच आहे. पण कापसाच्या गाठींचे आकडे सरकारदरबारी नियमाने जात असताना ही घट झाली, हे नजरेआड करता येत नाही.

आणि आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. बाजारातली लबाडी इंग्रजांना दिसत नव्हती असं नाही. चांगला आणि स्वच्छ कापूस त्यांनाच हवा होता. १८८६ला कारंजा (लाड) इथे, हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने, देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. मग १८९७ला वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा. हिंदुस्थानातला अशा प्रकारचा हा पहिला कायदा. आज गावोगावी ज्या कृषी उत्पन्न बाजार समित्या आहेत, त्यांची खापरपणजी ही. बाजाराची जागा ठरलेली, दलाल आणि मापाडी परवाना असलेले, शुल्क ठरलेलं, देखरेखीला समिती. रिक्वायरमेंट डॉक्युमेंट म्हणून वाचलं तर काम व्यवस्थित आहे.

फक्त समितीत कोण? नगरपालिकेची माणसं आणि व्यापारी. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय असं सांगितलं जात होतं, त्या कापूस पिकवणाऱ्याला जागाच नाही! आपल्याकडे क्लायंटच्या मॅनेजरशी बोलून रिक्वायरमेंट लिहितात आणि प्रत्यक्ष स्क्रीनसमोर बसणाऱ्या कारकुनाला कुणी विचारत नाही, तसंच. शाही कृषी आयोगाने १९२८च्या अहवालात हा दोष नोंदवला. मुंबई इलाख्याच्या १९२७च्या कापूस बाजार कायद्यात शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना समितीत जागा दिली गेली. म्हणजे दोष दाखवायला आणि दुसऱ्या इलाख्यात दुरुस्त करायला तीस वर्षं. आपल्याकडे एवढा जुना बग कुणी बंद केला असता तर निदान केक कापला असता.

पुढचं भराभर सांगतो. १९६३चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा, १९७२पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना, तिचा बहर आणि तिचं कोसळणं. यातल्या प्रत्येकावर एकेक लेख होईल, आज नको.

आज हवी ती २००७ची गोष्ट. त्या वर्षी एका कंपनीने महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना एसएमएसवर बाजारभाव आणि हवामान पाठवायची सेवा सुरू केली. कंपनी कोणती? रॉयटर्स! सेवेचं नाव रॉयटर्स मार्केट लाइट. १८६६ला मुंबईच्या पेढ्यांना भाव विकणारी कंपनी १४१ वर्षांनी शेतकऱ्याच्या मोबाइलपर्यंत पोचली होती. अखेर योग्य माहिती योग्य माणसाला मिळाली म्हणायची.

त्याच वर्षी रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाचा केरळच्या कोळ्यांवरचा गाजलेला अभ्यास छापून आला होता. मोबाइल आल्यावर कोळी समुद्रातूनच फोन करून कुठल्या बंदरावर भाव चांगला ते विचारू लागले, बंदराबंदरांतला भावाचा फरक जवळजवळ मिटला, फुकट जाणारी मासळी थांबली. त्यामुळे सगळे खूष होते, की भाव कळला की झालं.

मग मार्सेल फाफशॉं आणि बार्ट मिंटन या दोघांनी रॉयटर्सच्या सेवेची महाराष्ट्रात, १०० गावांत, नीट शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. काही गावांतल्या शेतकऱ्यांना सेवा, काहींना नाही. २०१२ला निष्कर्ष छापला: ज्यांना एसएमएस मिळत होते त्यांना मिळालेल्या भावात सांगण्यासारखा फरक आढळला नाही. चाचणी कांदा, टोमॅटो, सोयाबीन अशा पिकांवर होती, कापसावर नव्हे. पण निष्कर्ष वाचताना मला खामगावच दिसत होतं.

केरळच्या कोळ्याकडे होडी त्याची, डिझेल टाकीत, मासळी ताजी. फोनवर भाव कळला की सुकाणू वळवायचं. वऱ्हाडच्या शेतकऱ्याचं सुकाणू कुणाच्या हातात असतं?

माझे मामा जलंबजवळच्या एका खेड्यात शेती करतात. त्यांच्या फोनवर चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत आणि खामगाव, अकोट, हिंगणघाटचे भाव त्यांना माझ्या आधी कळतात. अमेरिकेतल्या वायद्याचं काय झालं हेही त्यांना ठाऊक असतं, मी उगाच शायनिंग मारायला गेलो तर. तरी मागच्या दिवाळीत पहिल्या वेचणीचा माल त्यांनी घरीच, खेडा खरेदीवाल्याला दिला. मी फोनवर म्हटलं, "मामा, बाजार समितीत क्विंटलमागं बरेच जास्त मिळत होते ना?" त्यांनी शांतपणे हिशोब सांगितला. गाडीभाडं एवढं. पहिल्या वेचणीचा माल ओला, म्हणजे तिथे नेऊन परत आणायची भीती. वेचणीवाल्या बायांची मजुरी शनिवारी रोख द्यायची. कृषी केंद्राची उधारी दिवाळीच्या आत. "अरे बापू, भाव मले मालूम हाय. थांबाले पैसे लागते."

२०२५ला कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' नावाचं अ‍ॅप आणलं. नोंदणी आधी करायची, कागद चढवायचे, मग खरेदी केंद्रावरचा दिवस ठरवून घ्यायचा. २०२५-२६साठी हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११०. अट ओलाव्याची: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, १२च्या वर माल परत. मामांचं अ‍ॅप मीच व्हिडिओ कॉलवर भरून दिलं. सातबारा, पीक पेरा, आधार, बँक सगळं विचारतात. माल घरात किती दिवस ठेवता येईल आणि तोवर मजुरीचे पैसे कुठून येतील, असा रकाना त्यात नव्हता.